कढत पाणी

कल्लुकोप्पात बाळंतिणींना न्हाऊ घालायचं काम होन्नम्माचं. पोरी तीर्थहळ्ळीच्या दवाखान्यात बाळंत होऊन माहेरी यायच्या आणि अकराव्या दिवसापासून त्यांची पाठ, कंबर आणि बाळाची टाळू होन्नम्माच्या ताब्यात जायची. वय सहासष्ट, अंगकाठी वाळक्या शेंगेसारखी, आणि तोंड असं की भल्याभल्यांनी तिला वाट द्यावी. बाळाच्या बापालासुद्धा ती दारातूनच हाकलायची. "काय बघायचंय? तुझंच आहे, पळून नाही जात. हो बाजूला."

घरात शिरली की ती आधी बाळंतिणीच्या खोलीची खिडकी लावायची. फटींत चिंध्या कोंबायची. बाळंतिणीच्या अंगात वारं शिरलं की डोकं फिरतं, त्याला आमच्याकडे सन्नी म्हणतात, आणि सन्नीची जेवढी धास्ती होन्नम्माला होती तेवढी गावात कुणालाच नव्हती. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी हसत नसे.

पाणी किती कढत हवं हे ती हात बुडवून ठरवत नसे. चाळीस वर्षं हंड्यात घालून घालून तिच्या हातांना आता काही कळतच नव्हतं. तिचं माप म्हणजे बाळंतिणीची किंकाळी. तिसऱ्या-चौथ्या तांब्याला पोरगी "अय्यो, मेले मेले!" म्हणून ओरडायची, होन्नम्माच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मग होन्नम्मा गार विसणाचा एक तांब्या घालायची आणि म्हणायची, "हां. आता पाणी बरोबर झालं." अंगणात सुपारी सोलत बसलेल्या बायका तो आरडाओरडा ऐकून खुदुखुदु हसायच्या. आजकालच्या पोरींना काही म्हणता काही सोसत नाही, असं एकमेकींना सांगायच्या.

विशालाक्षम्माची सहना मात्र ओरडली नाही.

सहना शिवमोग्याच्या शाळेत गणित शिकवायची. सत्तावीस वर्षांपूर्वी होन्नम्मानेच तिला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं, आणि तेव्हा ती असा टाहो फोडायची की चार घरांपलीकडची कुत्री उठून बसायची. मोठी झाल्यावरही तोंडाची फटकळच. आणि आता पहिलटकरीण होऊन माहेरी आली तर तोंडात जीभच नसल्यासारखी. 'बस' म्हटलं की पाटावर बसायची, 'वळ' म्हटलं की वळायची. मिऱ्याचं सार आणि लाल तांदळाचा भात पुढे आला की खायची, ताट उचललं की हात धुवायची. हंड्यातल्या पाण्याला तर तिने हूं की चूं केलं नाही.

विशालाक्षम्माला कोण अभिमान! देवळात, दळणाच्या गिरणीत, जिथे जाईल तिथे ती सांगायची, "आमच्या सहनाचं बाळंतपण म्हणजे जुन्या बायकांसारखं. पाणी कसं घेते, होन्नक्काला विचारा! उगीच रडारड नाही, मोबाइल नाही, काही नाही. दिवसभर पडून असते पोर."

होन्नम्माही आठवडाभर फुशारली. तिने विसण घालायचंच सोडून दिलं. ओरडच नाही तर घालायचं कशाला?

सतराव्या दिवशी तिने सहनाच्या पाठीवरचं तेल पुसायला पंचा लावला आणि पंच्याबरोबर कातडीचा एक पापुद्रा उठून आला. होन्नम्मा खाली वाकली. खांद्याच्या पात्यांमध्ये तळहाताएवढा फोड फुटला होता. भोवती लालबुंद.

"अगं ए! भाजलंय ना हे! तोंड शिवून घेतलंयस का तू? सांगता येत नाही?"

सहनाने मान थोडी वळवली. "गरम होतं का?" तिने विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता त्यात. "मला कळलं नाही, होन्नज्जी."

होन्नम्माने फोडाला खोबरेल लावलं, जुनं मऊ लुगडं पोटाला बांधलं, मग बाळाला पायांवर घेतलं. बाळ भोकाड पसरून रडत होतं. सहना भिंतीला टेकून समोर बघत होती. बाळाकडे नाही, चुलवणातल्या जाळाकडेही नाही; मधेच कुठेतरी.

"होन्नज्जी," ती जरा वेळाने म्हणाली, "तुझ्या हातात किती छान राहतो तो. अम्माजवळही राहतो. त्याला आणखी कुणी लागायचंच नाही."

होन्नम्माच्या हातातला तांब्या तसाच राहिला. बाळाच्या नाकातोंडात पाणी जाईल म्हणून तिने त्याला पालथं केलं, टॉवेलात गुंडाळलं, आणि त्या सगळ्या वेळात तिच्या कानात दुसराच आवाज होता. 'अव्वा, ती तुझ्याजवळच छान राहते गं.' बावीस वर्षं तिने हे वाक्य कुणाला सांगितलं नव्हतं.

वारिजा होन्नम्माची एकुलती एक मुलगी. तिचं बाळंतपण होन्नम्माने स्वतः केलं, आणि गावातल्या सगळ्या बाळंतपणांच्या वरताण केलं. वारिजाही ओरडली नव्हती. होन्नम्माही तेव्हा देवळात सांगत फिरली होती, की माझी पोर पाणी कसं घेते ते येऊन बघा. सव्विसाव्या दिवशी भर दुपारी, सगळे सुपारीच्या खळ्यावर असताना, वारिजा बाळाला पाळण्यात निजवून, त्याच्या अंगावर पांघरूण नीट घालून, बागेमागच्या तळ्यावर गेली. ती परत आली नाही.

त्या सकाळी खोलीत धुरीचा धूर फार कोंडला होता. वारिजा खोकत होती म्हणून तिच्या बापाने, तिप्पय्याने, खिडकी उघडली होती. गाव गोळा झालं तेव्हा सगळे विचारू लागले, कसं झालं, काय झालं. होन्नम्माला काहीतरी उत्तर हवं होतं. ती नवऱ्याकडे वळून सगळ्यांदेखत ओरडली, "तुम्ही खिडकी उघडलीत! वारं लागलं माझ्या पोरीला! सन्नी झाली तिला!"

तिप्पय्याने ते मानलं. तो गरीब माणूस होता, बायकोचं सगळंच मानायचा. त्यानंतर तो अकरा वर्षं जगला. वैशाखातल्या उकाड्यातही तो घरातली एक खिडकी उघडू द्यायचा नाही. वारिजाची मुलगी तिच्या बापाकडे दुसऱ्या गावी, कोप्प्याला वाढली, कधीमधी आली की तिप्पय्या तिच्याकडे डोळे वर करून बघायचा नाही. आणि होन्नम्माने एकदाही त्याला म्हटलं नाही, की अहो, पोर नऊ-दहा दिवस आधीपासूनच पाण्याला ओरडत नव्हती.

ते तिला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं.

सहनाची पाठ भाजलेली दिसली त्याच दुपारी आशा कार्यकर्ती ललिता विशालाक्षम्माकडे आली. तिच्या पिशवीत वजनकाटा आणि एक छापील कागद. होन्नम्मा न्हाणीतली ओली कापडं वाळत घालत रेंगाळली होती.

"सहनाक्का, दहा प्रश्न आहेत," ललिता म्हणाली. "गेल्या आठवड्यात हसू आलं का? झोप लागते का? उगीच रडू येतं का? असं आहे सगळं. खरं खरं सांगायचं."

"हसते की!" सहनाच्या आधी विशालाक्षम्मा बोलली. "झोपतेही. आणि रडायचं कशाला? बाळंतिणीनं रडलं तर डोळे जातात, दूध आटतं. आमच्या घरात रडण्यासारखं आहे काय? यतीशसारखा सोन्याचा नवरा, मुलगा झालाय. लिही, सगळं छान आहे."

ललिताने पेन उघडलं. सहना मान खाली घालून चादरीचा दोरा ओढत होती.

"तिला विचार ना," होन्नम्मा दारातून म्हणाली. "ती बाळंत झालीय का तिची आई?"

विशालाक्षम्मा हसली. "होन्नक्का, तुम्ही ओले कपडे वाळत घाला."

"पाठ भाजलीय तिची. माझ्या हातून. आणि तिला कळलं नाही. विशालाक्षम्मा, पोर बरी नाही. ललिता, तो मनाचा डॉक्टर म्हणतेस तो कधी येतो तालुक्याला?"

"मंगळवारी," ललिता हळूच म्हणाली.

विशालाक्षम्माचं हसू मावळलं. तिने आधी ललिताला वाटेला लावलं, कागदावर सगळीकडे चांगलंच लिहून घेऊन. मग ती होन्नम्माला मागच्या अंगणात घेऊन गेली. आवाज बारीक ठेवायचा तिने प्रयत्न केला, पण तो चिरकायला लागला.

"वेड्यांचा डॉक्टर? माझ्या मुलीला? तिच्या सासरी कळलं तर ते तिला नांदवतील? मुलगा तरी देतील तिच्याकडे? पाठ तुम्ही भाजलीत आणि वेडी माझी पोर? वय झालं तुमचं, होन्नक्का. उद्यापासून येऊ नका. मी बघेन."

होन्नम्मा घरी आली. चूल पेटवायची इच्छा झाली नाही. ती उंबऱ्यावर बसून राहिली आणि बोटं मोजत राहिली. आज सतरा. वारिजाचे सव्वीस. मधे नऊ दिवस. न बोलावता जायचं तर पाय धजत नव्हते, आणि गेलं तर काय सांगावं लागणार हे तिला स्पष्ट दिसत होतं. जे सांगितलं की गाव तिच्या तोंडावर थुंकेल, ते. वाईट त्याचंही वाटत नव्हतं फारसं. वाईट वाटत होतं वारिजाचं. इतकी वर्षं गाव वारिजाबद्दल हळहळत होतं, बिचारीला वारं लागलं म्हणून. आता म्हणणार, पोर सोडून गेली. आईच्या तोंडून हे निघायचं होतं.

सकाळी ती गेली. न्हाणीघरातून धूर येत होता. विशालाक्षम्मा स्वतःच हंडा तापवत होती, आणि ओली लाकडं फुंकून फुंकून तिचे डोळे सुजले होते. होन्नम्मा आत गेली नाही. उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसली.

"येऊ नका म्हटलं होतं ना," विशालाक्षम्मा म्हणाली.

"जाते. एवढं ऐकून घे मग जाते. माझ्या वारिजाला वारं लागलं नव्हतं."

विशालाक्षम्माने फुंकणी खाली ठेवली.

"तीही ओरडत नव्हती पाण्याला. मी कौतुक करत फिरले. रात्रंदिवस डोळे उघडे ठेवून पडायची, मी म्हणायची, माझी पोर किती शहाणी. मुलीला पाजायची आणि माझ्याकडे द्यायची, जसं शेजारणीचं भांडं परत द्यावं तसं. एकदा म्हणाली, अव्वा, ती तुझ्याजवळच छान राहते. मी म्हटलं, राहणारच, आजी आहे मी." होन्नम्माचा आवाज कोरडा होता. "ती तळ्यावर गेली ती पाय घसरून नाही, डोकं फिरूनही नाही. पांघरूण घालून गेली पोरीला. आणि मी सगळ्यांसमोर माझ्या नवऱ्यावर ढकललं. खिडकी उघडली म्हणे! तो माणूस अकरा वर्षं आपण मुलीला मारलं असं समजून जगला आणि तसाच मेला. मी त्याला सांगितलं नाही, विशालाक्षम्मा. त्याला सांगायचं तर मला आधी स्वतःला सांगावं लागलं असतं."

चुलवणातलं लाकूड धुमसत होतं.

"काल तुझी सहना तेच म्हणाली. अगदी तेच. मला हाकल, गावात काय सांगायचं ते सांग. पण मंगळवारी तिला घेऊन जा. पाया पडते तुझ्या."

"होन्नज्जी."

सहना मागे दारात उभी होती. कानाला बांधलेला रुमाल सुटून खांद्यावर आला होता. केव्हापासून उभी होती कोण जाणे.

"वारिजाक्कालाही असंच व्हायचं का?" तिने विचारलं. "बाळ रडलं की शेजारच्या घरात कुणीतरी रडतंय असं वाटतं मला. उठायला हवं हे कळतं, पण अंग उठत नाही. सगळे म्हणतात, किती गोड आहे. मला काहीच वाटत नाही. मी नाटक करते. अम्माला कळायच्या आत, यतीशला कळायच्या आत…" ती थांबली. "मी वाईट आहे, होन्नज्जी. त्याला चांगली आई हवी."

विशालाक्षम्मा उठायलाही थांबली नाही. ती तशीच ओल्या फरशीवरून मुलीपर्यंत सरकत गेली आणि तिने सहनाचे गुडघे धरले. "मला का नाही सांगितलंस गं? मला का नाही?"

"तू म्हणालीस ना, रडलं की दूध आटतं," सहना म्हणाली.

मंगळवारपर्यंत होन्नम्मा तिथेच राहिली. सहनाला एकटं सोडायचं नाही एवढंच तिने आणि विशालाक्षम्माने ठरवलं. यतीश, सहनाचा नवरा, फोन केल्यावर मिळेल ती बस पकडून आला. तो उंबऱ्यातच घुटमळला, हाकलतील या भीतीने. होन्नम्मा म्हणाली, "ये. बस तिच्याजवळ. बोलली तर ऐक, नाही बोलली तर गप बस. शिकवू नको काही."

तालुक्याच्या दवाखान्यातली डॉक्टरीण सहनाच्याच वयाची निघाली. तिने सहनाशी एकटीशी तासभर बोलून घेतलं, पाठीचा फोड बघितला, मग तिघांना आत बोलावलं. हा आजार आहे, म्हणाली, ताप येतो तसाच. बाळंतपणानंतर कितीतरी जणींना होतो. खिडकी उघडी राहिली म्हणून होत नाही आणि आई वाईट असते म्हणूनही होत नाही. गोळ्या सांगते त्या घ्यायच्या, अंगावरचं पाजायला त्यांची हरकत नाही. थोडे आठवडे लागतील. तोवर एकटी ठेवू नका, तिला झोपू द्या, आणि तिला रडू द्या. जास्त वाईट वाटलं तर मंगळवारची वाट न बघता घेऊन या. विशालाक्षम्माने सगळं दोनदोनदा विचारून घेतलं.

उठताना होन्नम्मा टेबलापाशी थांबली. "अम्मा, एक विचारू? हे औषध बावीस वर्षांपूर्वी होतं का?"

डॉक्टरणीला माहीत नव्हतं ती का विचारतेय. तिने कागदावरून मान वर न करता सांगितलं, "होतं की, अज्जी. तेव्हाही होतं."

बसमध्ये होन्नम्मा खिडकीशी बसली होती. काच उघडीच होती. परतीच्या सगळ्या वाटेत तिने ती लावली नाही.

गोष्ट गावात पसरायला दोन दिवस पुरले. गिरणीत बायका तिला पाहून गप्प व्हायच्या. तिप्पय्याच्या चुलतभावाने भर रस्त्यात तिला थांबवून विचारलं, "माझा भाऊ असा मारलास होय?" ती खाली मान घालून उभी राहिली, खरंच होतं ते. वरच्या आळीतल्या एका घरानं आपल्या सुनेसाठी शेजारच्या गावची बाई ठरवली. होन्नम्माला राग आला नाही. ती एकदा त्या घरावरून जाताना मात्र कान देऊन उभी राहिली. आत सून कर्कश ओरडत होती. होन्नम्मा बरं वाटून पुढे गेली.

सहनाकडे ती रोज जायची. फोड भरेपर्यंत पाठीला पाणी नाही, मग नुसतं कोमट. तिला आता स्वतःच्या हातांचा भरवसा उरला नव्हता. ती तांब्यातलं पाणी आधी आपल्या गालावर सांडून बघायची. विशालाक्षम्मा थट्टा करायची, "होन्नक्का, न्हातंय कोण?" पहिले पंधरा दिवस काही फरक दिसला नाही. एकदा तर सहनाने गोळ्या थुंकल्या, कामावर परतलेल्या यतीशला रात्रीच्या बसने पुन्हा यावं लागलं. मग एका दुपारी ती सलग चार तास झोपली. मग एक दिवस सार खारट झालंय म्हणाली. विशालाक्षम्माने ती गोष्ट होन्नम्माला दारातच सांगितली, हातातलं काम टाकून.

असे दिवस वाढत गेले. आणि ती सकाळ आली. होन्नम्माने नेहमीसारखं गालावर पाणी बघितलं, पण बोलण्याच्या नादात दुसरा तांब्या हंड्याच्या तळातून भरला आणि सरळ सहनाच्या खांद्यावर ओतला.

"अय्यो! मेले!" सहना पाटावरून उडालीच. "होन्नज्जी! सोलून काढतेस का मला? डोळे फुटले का तुझे? विसण घाल की त्यात, म्हातारे!"

स्वयंपाकघरातून विशालाक्षम्मा धावत आली. अंगणात सुपारी सोलणाऱ्या बायका हसल्याचा आवाज आला. बाहेर बापाच्या कडेवरचं बाळ दचकून रडायला लागलं, आणि सहना तशीच ओलीचिंब, पाठ चोळत, दाराकडे तोंड करून ओरडली, "यतीश, त्याची मान धरा नीट!"

होन्नम्माने विसण घातलं नाही. ती तांब्या मांडीवर घेऊन ओल्या फरशीवर बसली आणि रडायला लागली. इतक्या वर्षांत तिला असं रडताना कुणी पाहिलं नव्हतं. वारिजाला नेलं तेव्हा ती रडली नव्हती, नवऱ्यावर ओरडली होती. सहना घाबरून खाली बसली. "होन्नज्जी, अगं फार नाही भाजलं. खरंच नाही. मी उगीच ओरडले."

"ओरड," होन्नम्मा म्हणाली. "ओरडत जा, पुट्टी."

त्या दिवशी ती लवकर घरी आली. तिप्पय्या बसायचा त्या कोनाड्याजवळची खिडकी अजून बंदच होती, चिंध्या कोंबलेली. सहना ओरडली हे तिला सांगायचं होतं, आणि वारिजा खिडकीमुळे नव्हती हो गेली, हेही सांगायचं होतं. ऐकायला हवा होता तो माणूस अकरा वर्षांपूर्वीच गेला होता. होन्नम्मा तरीही त्याच्या जागेसमोर बसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.